मोजून घालायचे पाणी आणि न चुकता द्यायचे पाणी

घर बांधायला काढलेला माणूस सिमेंट कोणत्या कंपनीचे ते विचारतो, सळईचा दर चार दुकानांत फिरून पाहतो, वाळू मूठभर हातात घेऊन तिच्यात माती किती हे तपासतो. पाण्याबद्दल मात्र तो फारसे काही विचारत नाही. बोअरचे आहे की टँकरचे, एवढीच चौकशी होते. सिमेंट, वाळू, खडी आणि लोखंड यांना पैसे पडतात म्हणून त्यांच्याकडे लक्ष असते. पाणी त्यांच्या मानाने स्वस्त, म्हणून ते मिस्त्रीच्या अंदाजावर सोडून दिले जाते. प्रत्यक्षात काँक्रीटची ताकद, आणि ताकदीहूनही त्याचे आयुष्य, पाण्याइतके दुसऱ्या कशानेच सहज बिघडत नाही. आपल्याकडच्या छोट्या बांधकामांवर हा पाण्याचा व्यवहार बहुतेक वेळा उलटा चालतो. मिक्सरमध्ये पाणी मोजून घालायला हवे, तिथे पाइप सोडला जातो. स्लॅब पडल्यानंतर ते सढळ हाताने द्यायला हवे, तिथे हात आखडता घेतला जातो. या दोन वेगवेगळ्या चुका वाटतात. या लेखाचे म्हणणे असे की त्या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत, एक दुसरीला वाढवते, आणि दोन्ही टाळायला सगळ्या बांधकामात सर्वांत कमी खर्च येतो.

सुरुवात एका सर्वसाधारण गैरसमजापासून करू. काँक्रीट वाळून कडक होते, असे बहुतेकांना वाटते. मातीची भिंत खरोखरच वाळून कडक होते. तिच्यातले पाणी उडाले की माती घट्ट बसते आणि पुन्हा भिजली की तिचा चिखल होतो. काँक्रीटचे तसे नाही. सिमेंटमध्ये कॅल्शियम आणि सिलिका यांची संयुगे असतात. पाणी मिळताच त्यांची रासायनिक क्रिया सुरू होते आणि नवा पदार्थ तयार होतो. सिमेंटच्या कणांभोवती अतिसूक्ष्म धाग्यांसारखा, पापुद्र्यांसारखा चिकट थर वाढू लागतो, शेजारच्या कणांच्या थरात गुंततो आणि वाळू व खडीला धरून ठेवतो. या क्रियेत पाणी उडून जात नाही. ते त्या नव्या पदार्थाचा भाग होते. म्हणून काँक्रीट पाण्याखालीही कडक होते. समुद्रातल्या धक्क्यांचे आणि नदीतल्या पुलांच्या खांबांचे पाये पाण्याखाली भरता येतात ते याच गुणामुळे. ही गोष्ट नीट समजली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. काँक्रीटचे ‘वाळणे’ ही त्याची वाढ नव्हे. वाळणे म्हणजे वाढ थांबणे.

आता या क्रियेला पाणी लागते किती? अमेरिकेत पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत टी. सी. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात यावर मूलभूत काम केले. सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधले जाते आणि आणखी १५ ते १९ टक्के त्या चिकट थराच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांत अडकून राहते. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला १९ ते २१ लिटर पाणी पुरेसे आहे. पण इतक्या कमी पाण्यातला माल हाताळायला घट्ट असतो. तो सळयांच्या जाळीतून खाली उतरावा, साच्याच्या कोपऱ्यात शिरावा म्हणून थोडे जास्त पाणी घालावेच लागते. हे जादा पाणी सिमेंटच्या कामाचे नसते. त्याने अडवलेली जागा, ते उडून गेल्यावर, बारीक नळ्यांच्या जाळ्यासारखी मागे उरते. जितके लिटर पाणी जादा, तितके लिटर पोकळी. खडी कितीही टणक असो, सिमेंट कितीही ताजे असो, त्यांना जोडणारा लगदाच पोकळ झाला तर ओझे पेलणारी जागाच कमी होते. शिवाय त्याच पोकळ्यांतून पुढे पावसाचे पाणी, हवा आणि खार आत शिरतात.

हे नाते प्रयोगाने पक्के करण्याचे श्रेय डफ अब्राम्स यांना दिले जाते. त्यांच्या आधी फ्रान्समध्ये रेने फेरे यांनी १८९० च्या दशकात काँक्रीटमधल्या पोकळ्या आणि ताकद यांचा संबंध मांडला होता. अब्राम्स यांनी शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये मोठ्या संख्येने नमुने तपासून १९१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: माल नीट दाबून बसवता येत असेल, तर काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या वजनाच्या गुणोत्तरावर ठरते, गुणोत्तर वाढले की ताकद झपाट्याने घसरते. शंभर वर्षांत काँक्रीटशास्त्र पुष्कळ पुढे गेले, पण हा नियम अजून पाया म्हणून उभा आहे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने मिश्रण ठरवण्यासाठी दिलेला तक्ता पाहिला तर घसरण किती तीव्र आहे ते कळते. गुणोत्तर ०.४७ असेल तर २८ दिवसांनी प्रति चौरस मिलिमीटर ३५ न्यूटन ताकद अपेक्षित धरतात, ०.५४ ला ३०, ०.६१ ला २५ आणि ०.६९ ला २०. हेच एका पोत्याच्या हिशोबात मांडले, तर २७ लिटर पाण्यावर ३० न्यूटन ताकद देणारा माल साडेचौतीस लिटरवर २० वर येतो. फरक साडेसात लिटरचा, म्हणजे अर्ध्या बादलीचा. सिमेंट तेच, खडी तीच, मजुरी तीच. पण एकतृतीयांश ताकद गेली. पैसे मोजून घेतलेले सिमेंट फुकट घालवण्यासारखेच हे आहे.

मग मिस्त्री पाणी का वाढवतो? अज्ञानाने किंवा आळसाने, असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. त्याची अडचण खरी आहे. घमेल्यातून पडणारा घट्ट माल दाट सळयांमध्ये अडकतो, बीमच्या तळाशी पोहोचत नाही आणि सेंट्रिंग काढल्यावर खालून खडी उघडी पडलेली, मधे पोकळ्या राहिलेल्या दिसतात. असे पोकळ काँक्रीट पातळ मालापेक्षाही धोक्याचे. तेव्हा ‘पाणी कमी करा’ एवढाच उपदेश करणाऱ्याने पुढची वाटही दाखवायला हवी. ती आहे, आणि एकच नाही. निडल व्हायब्रेटर नीट चालवला तर घट्ट दिसणारा माल पाण्यासारखा सरकतो. स्लॅबला तो लावायचा आणि कॉलमला सळईने ठासायचे, ही कंजुषी चुकीची आहे. खडी एकाच मापाची न घेता २० आणि १० मिलिमीटरची योग्य प्रमाणात मिसळली, तर तेवढ्याच पाण्यात माल मऊ होतो. प्लास्टिसायझर नावाचे द्रव मिश्रण पोत्यामागे काहीशे मिलिलिटर घातले, तर साध्या प्रकारात ५ ते १० टक्के आणि सुपर प्रकारात २० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी वाचते, आणि माल तेवढाच मऊ राहतो. यातले काहीच जमत नसेल आणि माल पातळ करणे भागच असेल, तर पाण्याबरोबर त्याच प्रमाणात सिमेंटही वाढवावे. महाग पडते, पण गुणोत्तर बिघडत नाही. नुसते पाणी ओतणे हा एकच मार्ग असा आहे की ज्यात काम सोपे होते आणि किंमत मालकाला वर्षानुवर्षे मोजावी लागते.

पाण्याचा हिशोब करताना आणखी एक गोष्ट निसटते. वाळू आणि खडी आपल्याबरोबर पाणी घेऊन येतात. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे एम-२० दर्जाच्या काँक्रीटच्या साध्या प्रमाणबद्ध मिश्रणात एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी आणि २५० किलो वाळू-खडी धरली आहे. त्यातली एकतृतीयांश, म्हणजे सुमारे ८३ किलो, वाळू मानली आणि ती पावसात भिजून तिच्यात पाच टक्के ओल असली, तर चार लिटरच्या वर पाणी आधीच मालात आलेले असते. ते वजा न करता पुन्हा पूर्ण ३० लिटर घातले की गुणोत्तर ०.६० वरून ०.६८ वर जाते. उन्हाळ्यात बरोबर असलेला अंदाज आषाढात चुकतो तो यामुळे. त्याच मानकाने सळई असलेल्या काँक्रीटला सौम्य हवामानात ०.५५, मध्यम हवामानात ०.५० आणि समुद्रकिनाऱ्यासारख्या तीव्र हवामानात ०.४५ ही कमाल मर्यादा घातली आहे. रत्नागिरी किंवा मालवणच्या किनाऱ्यावरच्या घराला याचा अर्थ पोत्यामागे साडेबावीस लिटर. तिथेही ३५ लिटरचा सवयीचा हात चालला, तर ते घर जन्मतःच कमकुवत आहे.

इथपर्यंत मिश्रणातले पाणी झाले. स्लॅब पडल्यावर दुसऱ्या पाण्याची पाळी येते. सिमेंटची रासायनिक क्रिया एका दिवसात किंवा आठवड्यात संपत नाही. ती आधी वेगाने, मग मंद होत महिनोन्महिने चालते. पण ती चालू राहण्यासाठी काँक्रीटच्या आतली पोकळी ओलसर असावी लागते. आतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या खाली गेली की क्रिया जवळपास थांबते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते, आणि गरम वारा पृष्ठभागावरून ओल ओढून नेतो. ताज्या काँक्रीटमधून ताशी प्रति चौरस मीटर एक किलोपर्यंत पाणी उडू लागले, तर माल घट्ट होण्याआधीच त्याला तडे जाण्याचा धोका तज्ज्ञ मानतात. हजार चौरस फुटांच्या स्लॅबला हा दर लावला तर तासाला ९३ लिटर होतात. अमेरिकेत १९५० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आणि आजही पाठ्यपुस्तकांत येणाऱ्या प्रयोगांत, सुरुवातीपासून कोरड्या हवेत ठेवलेल्या काँक्रीटने सहा महिन्यांनी जी ताकद दाखवली, ती सतत ओल्या ठेवलेल्या काँक्रीटच्या निम्म्याच्या आसपास होती. उष्णतेचा आणखी एक घात असा की तापलेले काँक्रीट पहिल्या एकदोन दिवसांत भराभर कडक होते, त्यामुळे ‘स्लॅब चांगला धरला’ असा आनंद होतो, पण त्याची शेवटची ताकद मात्र कमी राहते.

ही दोन पाणी एकमेकांशी कशी बांधलेली आहेत, ते पॉवर्स आणि सहकाऱ्यांच्याच १९५९ च्या एका निष्कर्षातून सर्वांत स्पष्ट दिसते. पाणी उडून गेल्यावर उरणाऱ्या बारीक नळ्या सुरुवातीला एकमेकींना जोडलेल्या असतात. सिमेंटची क्रिया पुढे गेली की नव्या पदार्थाने त्या मधेमधे बुजतात आणि त्यांचा सलग मार्ग तुटतो. त्यानंतर काँक्रीटमधून पाणी सहज झिरपत नाही. या टप्प्याला पोहोचायला सतत ओल ठेवून किती दिवस लागतात? गुणोत्तर ०.४० असेल तर सुमारे तीन दिवस, ०.४५ ला सात, ०.५० ला चौदा, ०.६० ला सहा महिने, ०.७० ला एक वर्ष. त्याहून जास्त पाणी असेल तर नळ्या कधीच बुजत नाहीत. या आकड्यांचा अर्थ फार मोठा आहे. मिक्सरमध्ये ओतलेल्या जादा पाण्याचे प्रायश्चित्त नंतर कितीही पाणी मारून घेता येत नाही, कारण सहा महिने स्लॅब भिजत ठेवणारा मालक कुठे सापडणार? आणि उलट, मोजून पाणी घातलेल्या चांगल्या मालाला आठवडा-पंधरवडा ओल दिली तर तो जन्मभराचा घट्ट होतो. एक पाणी कमी केले की दुसरे पाणी द्यायचे दिवसही कमी होतात. ज्याने पहिले वाढवले त्यालाच दुसरे जास्त द्यावे लागते, आणि नेमका तोच ते देत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘ताकद थोडी कमी झाली तरी घर काही पडत नाही. अभियंत्यांनी हिशोबात सुरक्षेचे माप ठेवलेलेच असते.’ हा आक्षेप वरवर बरोबर आहे. बहुतेक घरे ओझ्याने कोसळत नाहीत. पण ती आतून गंजून मरतात, आणि तिथे पाण्याचा प्रश्न ताकदीपेक्षा गंभीर होतो. ताज्या काँक्रीटचा सामू १२.५ ते १३ इतका अल्कधर्मी असतो आणि त्यात सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पोकळ्यांतून आत शिरत गेला की सामू ९ च्या आसपास येतो, पापुद्रा तुटतो आणि ओल मिळताच गंज सुरू होतो. किनाऱ्यावर हेच काम मिठातला क्लोराइड करतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, म्हणून काँक्रीट फुगते, फुटते, छताचे पोपडे पडतात. सळईला यापासून वाचवायला स्लॅबमध्ये तिच्याखाली काँक्रीटचा थर असतो साधारण २० मिलिमीटरचा. नंतर ओल देण्याचा, म्हणजे क्युरिंगचा, परिणाम सर्वांत जास्त होतो तो याच बाहेरच्या तीन ते पाच सेंटिमीटरवर. आतला गाभा आपली ओल बरीचशी धरून ठेवतो. पहिली वाळते ती कातडी, आणि सळईचे रक्षण करायचे काम तिच्याकडेच आहे. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची करावी लागली. मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांना दुरुस्तीसाठी वर्गणी काढताना जो खर्च सर्वांत जड जातो, तो बहुतेक वेळा गंजलेल्या सळया आणि सुटलेले काँक्रीट यांचाच असतो.

‘क्यूब टेस्ट पास झाली आहे’ हे दुसरे नेहमीचे उत्तर. तेही तपासून घ्यायला हवे. मालातून १५० मिलिमीटरचे घन भरले जातात, २४ तासांनी साच्यातून काढून २७ अंशांच्या आसपास पाण्याच्या टाकीत बुडवले जातात आणि २८ व्या दिवशी दाबून फोडले जातात. ही चाचणी उपयोगी आहे. मिक्सरमधून बाहेर पडलेला माल कसा होता हे ती सांगते. पण टाकीत २७ दिवस पाण्यात बसलेला घन आणि उन्हात तापलेला स्लॅब यांच्या नशिबात काहीही साम्य नाही. घन पास झाला याचा अर्थ एवढाच की त्या मालात ती ताकद गाठण्याची क्षमता होती. ती स्लॅबमध्ये गाठली गेली की नाही, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. काही घन स्लॅबच्याच शेजारी, त्याच्याइतकेच पाणी देऊन ठेवले आणि वेगळे तपासले, तर फरक डोळ्यांनी दिसतो. मोठ्या कामांवर अभियंत्यांनी याचा आग्रह धरायला हवा.

तिसरा आक्षेप नव्या सिमेंटच्या नावाने येतो. ‘आताचे ५३ ग्रेडचे सिमेंट लवकर धरते, त्याला इतके पाणी मारायची गरज नाही.’ सिमेंट लवकर धरते हे खरे. पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. दळण बारीक असल्याने त्याची क्रिया पहिल्या काही दिवसांत एकवटते, म्हणून त्याच दिवसांत ओल चुकली तर नुकसान अधिक होते. आणि मुख्य म्हणजे घरबांधणीसाठी दुकानातून येणारे सिमेंट पुष्कळदा साधे नसते, ते पीपीसी असते. त्यात औष्णिक वीज केंद्रांतली राख १५ ते ३५ टक्के मिसळलेली असते. हे सिमेंट वाईट नाही. उलट किनाऱ्यावर आणि मोठ्या पायांना ते अधिक चांगले. त्यातली राख सिमेंटच्या क्रियेतून मोकळ्या झालेल्या चुन्याशी संयोग पावते आणि पोकळ्या आणखी बुजवते. पण ही क्रिया सावकाश चालते आणि तिलाही ओल लागते. म्हणून आयएस ४५६ ने साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या-गरम हवेत किमान १० दिवस क्युरिंग सांगितले आहे आणि राखमिश्रित सिमेंटसाठी ते १४ दिवसांपर्यंत वाढवावे अशी शिफारस केली आहे. पीपीसीचे पोते घेऊन तीन दिवस पाणी मारणे म्हणजे राखेचे गुण विकत घेऊन वापरायच्या आधीच टाकून देणे.

‘पूर्वी कोणी पाणी मोजत नव्हते, तरी ती घरे अजून उभी आहेत,’ असेही सांगितले जाते. जी उभी आहेत तीच आपल्याला दिसतात. जी पाडावी लागली त्यांची आठवण कोणी काढत नाही. शिवाय जुने सिमेंट जाडसर दळलेले होते आणि महिनोन्महिने सावकाश वाढत राहायचे, त्यामुळे पुढे येणाऱ्या पावसाळ्यातली ओलही त्याला कामी यायची. सेंट्रिंगही लवकर उतरवत नसत. आज प्रत्येक दिवसाचे भाडे मोजले जाते. मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवस ठेवायचे असतात. लाकूड किंवा पत्रा खालून चिकटलेला असेपर्यंत तो खालच्या बाजूची ओलही राखतो. घाईने तो काढला की वरून पाणी असूनही खालची कातडी, म्हणजे जिच्यात मुख्य सळया आहेत ती, उघड्यावर पडते.

सर्वांत गंभीर आक्षेप पाण्याच्या टंचाईचा आहे, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, त्या मुलखात स्लॅबवर तळे करा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? पण क्युरिंग म्हणजे पाणी वाहवणे, हीच समजूत चुकीची आहे. क्युरिंगचा हेतू काँक्रीटमधली ओल जाऊ न देणे हा आहे. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे ९३ चौरस मीटरच्या स्लॅबवर बांध घालून पाच सेंटिमीटर पाणी साठवले तर एकदाच ४,६५० लिटर लागतात, आणि कडक उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर उडाले तरी रोज ९३० लिटर घालावे लागतात. त्याऐवजी ओले गोणपाट अंथरून त्यावर प्लास्टिकचा कागद घट्ट झाकला आणि कडेला वाळूने दाबला, तर उडणे फार कमी होते. एकदोन ड्रमांत दिवस भागू शकतो. काँक्रीटच्या रस्त्यांवर जे क्युरिंग कंपाऊंड फवारतात, ते याच तत्त्वावर चालते: पृष्ठभागावर पातळ थर बसतो आणि आतले पाणी आत कोंडले जाते. गिलावा होणार असलेल्या भिंतीवर ते वापरताना काळजी घ्यावी, कारण गिलावा नीट धरत नाही. पण उघड्या कामाला ते उत्तम. आणि टंचाईच्या भागात सर्वांत स्वस्त उपाय वेळापत्रकाचा आहे. शक्य तिथे स्लॅब मे महिन्यात न टाकता पावसाळा संपल्यावर टाकावा. विहिरींना पाणी असते आणि हवा सौम्य असते. पाणी वाचवायचेच असेल तर पहिला हात मिक्सरच्या पाइपला घालावा. तिथले जादा पाणी तर नुकसानच करते.

पाणी कसे द्यायचे यातही चुका होतात. माल सेट होण्याआधी त्यावर पाइप मारला तर वरचे सिमेंट धुऊन जाते. पण तोवर तो उघडा ठेवणेही चूक, म्हणून पहिल्या काही तासांत नुसता प्लास्टिकचा कागद झाकावा आणि माल घट्ट झाल्यावर, सहसा दुसऱ्या सकाळी, पाणी सुरू करावे. वर पाणी सुटलेले दिसले म्हणून कोरडे सिमेंट भुरभुरून थापी मारायची सवय सोडावी. त्याने वरचा थर सुटा होतो. सकाळ-संध्याकाळ पाइप मारणे म्हणजे क्युरिंग नव्हे, कारण मधल्या दुपारी पृष्ठभाग कोरडा पडतो आणि ओल-सुक्याच्या फेऱ्यात तडे वाढतात. कॉलमची सर्वांत आबाळ होते. उभ्या पृष्ठभागावर पाणी थांबत नाही, म्हणून त्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधावे आणि ते सतत ओले ठेवावे. इमारतीचे सगळे वजन ज्यांच्यावर येते त्यांनाच सर्वांत कमी पाणी मिळावे, ही आपल्या बांधकामांवरची सर्वांत न पटणारी गोष्ट आहे. पाणी मचूळ किंवा खारे नसावे. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि खाडीकाठच्या विहिरींचे पाणी ही मर्यादा सहज ओलांडू शकते.

इतके सोपे असूनही हे होत नाही, कारण ते कोणाच्याच हिशोबात नसते. चौरस फुटाच्या दराने काम घेतलेल्या ठेकेदाराला स्लॅब टाकल्यावर हप्ता मिळतो. पुढचे पंधरा दिवस पाणी मारायला माणूस ठेवला तर तो खर्च त्याच्या अंगावर पडतो. मिस्त्रीला माल मऊ हवा, ठेकेदाराला सेंट्रिंग लवकर मोकळे हवे, मालकाला काम पुढे सरकलेले दिसायला हवे. तिघांचेही तात्पुरते हित पाण्याच्या बाबतीत एकाच चुकीच्या दिशेला जाते, आणि नुकसान वीस वर्षांनी त्या घरात राहणाऱ्याच्या वाट्याला येते. म्हणून नुसत्या उपदेशाने भागणार नाही. करार बदलायला हवा. घर बांधणाऱ्या प्रत्येकाने ठेकेदाराशी बोलतानाच चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: पोत्यामागे किती लिटर पाणी, आणि ते मापाच्या बादलीने, व्हायब्रेटर कॉलमलाही, साध्या सिमेंटला किमान ७ आणि पीपीसीला १४ दिवस क्युरिंग, गोणपाटासह, आणि त्याचा वेगळा दर, जो चौदाव्या दिवसानंतरच मिळेल. स्लॅबच्या दिवशी मालकाने जेवणाची व्यवस्था पाहावी, पण त्याआधी मिक्सरजवळ उभे राहून पाणी मोजावे. घराच्या सगळ्या खर्चात याहून स्वस्त आणि याहून जास्त टिकणारी गुंतवणूक दुसरी नाही.